कोरड्या महिन्यांची पाणवनस्पती

डूगल डिक्सन यांचे 'आफ्टर मॅन' हे पुस्तक १९८१ साली आले. माणूस नाहीसा झाल्यानंतर पाच कोटी वर्षांनी पृथ्वीवर कोणते प्राणी असतील, याची कल्पना त्यांनी उत्क्रांतीच्या नियमांना धरून मांडली आणि काल्पनिक उत्क्रांतीच्या लेखनाला एक वळण लागले. पुढच्या चार दशकांत अशी अनेक जगे रचली गेली. त्यांत प्राण्यांची रेलचेल असते. वनस्पती मात्र बहुधा पडद्यावर रंगवलेल्या देखाव्यासारख्या मागे उभ्या राहतात. पाण्यातल्या वनस्पतींच्या वाट्याला तर त्याहून कमी विचार येतो. तरंगती अरण्ये, रात्री उजळणारी पाने, मासे गिळणारी फुले एवढ्यावर काम भागवले जाते. चित्र सुंदर दिसते, पण ती वनस्पती त्या पाण्यात जगते कशी, हा प्रश्न विचारताच ते विरते. कल्पनेतली पाणवनस्पती पटण्याजोगी कशाने होते? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सातारा जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. इथल्या खऱ्या पाणवनस्पती पाहिल्या की एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते: त्यांची घडण ठरते ती पाणी नसलेल्या महिन्यांत. म्हणून नवी पाणवनस्पती रचणाऱ्याने पहिला प्रश्न पाण्याबद्दल विचारू नये. पाणी केव्हा आटते आणि तेव्हा ही वनस्पती कुठे असते, हे आधी ठरवावे.

या जिल्ह्याच्या सीमेवरचे शिरवळ गाव नीरेच्या काठावर आहे. पलीकडे पुणे जिल्हा, अलीकडे सातारा. नीरा भोर तालुक्यातल्या सह्याद्रीतून येते आणि शिरवळपाशी पोचते तोवर मुसळधार पावसाचा प्रदेश मागे पडलेला असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावकडे तो काहीशे मिलिमीटरवर येतो. ही दोन टोके एकाच जिल्ह्यात आहेत आणि शिरवळ व खंडाळा तालुका त्यांच्या मध्ये, पर्जन्यछायेत येतात. मात्र एक गोष्ट दोन्ही टोकांना सारखीच आहे. पाऊस कितीही पडो, तो मृगापासून हस्तापर्यंत पडतो आणि मग थांबतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर चार महिने पाण्याखाली असणारा कातळ मार्चमध्ये पाय भाजतील इतका तापतो. जगातल्या फार थोड्या ठिकाणी इतके पाणी आणि इतकी कोरड एकाच खडकावर, एकाच वर्षात येत असेल.

या खडकावर काय उगवते ते पाहा. कास पठार साधारण १,२०० मीटर उंचीवर आहे. २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी ते एक. वर जांभ्याचा थर, त्यावर वीतभरही नसलेली माती आणि खडकाच्या खळग्यांत साचणारी पावसाळी डबकी. त्या डबक्यांत वायतुरा वाढतो. ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस असे त्याचे शास्त्रीय नाव. साताऱ्याचे नाव धारण करणाऱ्या या जातीचे वर्णन १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाले आणि ते करणाऱ्यांत वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव यांचा सहभाग होता. पाऊस सुरू झाला की पाने येतात, पाठोपाठ दोन फाट्यांचा फिकट गुलाबी तुरा पाण्याच्या वर उभा राहतो आणि पाऊस ओसरायच्या आत सारा कारभार आटोपतो. उरलेले वर्ष ही वनस्पती मातीच्या पातळ थरात कंद होऊन पडून असते. डबके कोरडे असताना तिथून चालत जाणाऱ्याला पायाखाली पाणवनस्पती आहे हे कळायचे काही कारण नाही. म्हणजे वर्षातला मोठा काळ वायतुरा जमिनीतला कंद असतो आणि थोडाच काळ पाणवनस्पती. कोणता भाग मूळ आणि कोणता पाहुणा, असा प्रश्न पडावा इतके हे प्रमाण उलटे आहे.

वायतुऱ्याच्या शेजाऱ्यांनी याच अडचणीची निराळी उत्तरे काढली आहेत. पांढऱ्या गोंडेदार फुलांचे गेंद, म्हणजे एरिओकॉलॉन, बहुतांशी बियांच्या रूपात उन्हाळा काढतात. सीतेची आसवे म्हणून ओळखली जाणारी निळी-जांभळी फुले युट्रिक्युलारियाची. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तिच्या बारीक पिशव्या असतात आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात त्या सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. मांसाहारी वनस्पती म्हटले की कल्पित जगांचे लेखक भल्यामोठ्या जबड्यांकडे वळतात. खरे कारण मात्र गरिबीचे आहे. जांभ्यावरच्या धुऊन गेलेल्या मातीत नत्र आणि स्फुरद मिळत नाही, म्हणून ते जिवंत प्राण्यांतून घ्यावे लागते. ज्या वनस्पतीला चार महिन्यांत फूल आणि बी उरकायचे आहे तिला हळूहळू अन्न जमवत बसणे परवडत नाही. शिकारीमागेही घाई आहे आणि त्या घाईमागे पुन्हा तीच कोरड.

यांतली मला सर्वांत विचार करायला लावणारी वनस्पती आहे आयसोएटीस. दिसायला गवताच्या ठोंबासारखी, फूल नाही, बी नाही. कोळसायुगातल्या प्रचंड वृक्षांच्या घराण्यातली ही आज उरलेली लहानशी शाखा. महाराष्ट्रातल्या तिच्या जातींवर पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ त्र्यं. शं. महाबळे यांनी काम केले आणि एका जातीला पाचगणीचेच नाव मिळाले आहे. या प्रजातीबद्दल जॉन कीली यांनी अमेरिकेतल्या पावसाळी डबक्यांत अभ्यास करून १९८१ साली दाखवून दिले की ती पाण्याखाली राहून रात्री कर्बवायू घेते, आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. ही पद्धत तोवर निवडुंगासारख्या वाळवंटी झाडांची म्हणून माहीत होती. वाळवंटात ती पाणी वाचवण्यासाठी असते. पाण्यात बुडालेल्या झाडाने ती का घ्यावी? उत्तर असे की उथळ डबक्यात दिवसा सगळ्या वनस्पती आणि शेवाळ मिळून कर्बवायू संपवून टाकतात आणि हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरत असल्याने दुपारी नवा पुरवठा होत नाही. रात्री सगळ्यांच्या श्वसनातून तो पुन्हा साचतो. म्हणजे डबक्यात पाणी असतानाही दररोज एक टंचाई येऊन जाते, फक्त ती पाण्याची नसते. काल्पनिक जग रचणाऱ्याला मी हा दाखला सर्वांत आधी देईन. पाण्यातल्या जीवाला पाण्याखेरीज सगळ्याचीच चणचण असू शकते: उजेड, कर्बवायू, मुळांना लागणारा प्राणवायू, आणि वेळ.

डबक्यांकडून वाहत्या पाण्याकडे वळले की चित्र पालटते, नियम पालटत नाही. सह्याद्रीच्या वेगवान ओढ्यांत आणि धबधब्यांच्या खडकांवर पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पती चिकटून राहतात. त्यांना पाहून कोणीही शेवाळ किंवा दगडफूल म्हणेल. मूळ, खोड, पान हा नेहमीचा भेद त्यांत जवळजवळ पुसला गेलेला असतो आणि पुष्कळदा चपटे झालेले मूळच पानाचे काम करते. पण ही सपुष्प वनस्पती आहे. पाण्याचा जोर असेपर्यंत ती फक्त वाढते. पाऊस संपून पातळी उतरली, खडक उघडा पडू लागला की ती घाईने फुलते, बी धरते आणि वाळून जाते. बारीक बिया कोरड्या खडकावर पडून राहतात आणि पुढच्या पावसाने भिजल्या की त्यांच्याभोवती चिकट थर येऊन त्या दगडाला धरतात. इथे कोरड केवळ सोसण्याची गोष्ट उरलेली नाही, फुलण्याची खूणच ती झाली आहे. पाणी हटले नाही तर पुढची पिढी नाही. अशी वनस्पती एखाद्याने कल्पनेने रचली असती तर वाचकांनी ती अतिरंजित ठरवली असती.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा येईल की पाणवनस्पतींचे रूप तर पाणीच ठरवते. बुडालेली पाने चिरफाळलेली किंवा फितीसारखी असतात, देठांत हवेच्या पोकळ्या असतात, लाकूड जवळजवळ नसते, तरंगत्या पानाची रंध्रे वरच्या बाजूला असतात. आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. पण त्याचाच पुढचा भाग पाहिला पाहिजे. जमिनीवरच्या सपुष्प वनस्पती पाण्याकडे वळल्या त्या एकदा नाही. सर्वसाधारण अंदाजाने पन्नास ते शंभर स्वतंत्र वेळा हे घडले, आणि दर वेळी रूप जवळपास तेच निघाले. एकमेकींशी नाते नसलेल्या कुळांतली बुडालेली पाने शेजारी ठेवली तर जाणकारालाही फुलाविना ओळख पटत नाही. जे सर्वांनाच मिळते ते एका जातीला दुसरीपासून वेगळे करू शकत नाही. वेगळेपण येते ते जीवनक्रमात: कंद की बी, फूल पाण्यावर की पाण्याखाली, पातळी वाढताना फुलायचे की उतरताना. रूप पाण्याचे असेल, चरित्र कोरड्या काळाचे आहे. काल्पनिक वनस्पतीचे नुसते चित्र काढून भागत नाही, तिचे वर्षभराचे वेळापत्रक मांडावे लागते, ते यामुळेच.

दुसरा आक्षेप भूतकाळातून येतो. स्पेनमध्ये सापडलेली मॉन्टसेकिया ही साडेबारा कोटी वर्षांपूर्वीची वनस्पती सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी एक आणि ती पाण्यात बुडून वाढणारी होती. तिचे परागणही पाण्यातच होत असावे असे मानले जाते. मग टिकाऊ तळ्यांत, कोरडीच्या दबावाविना, पाणवनस्पती घडूच शकतात की! शकतात, यात शंका नाही. पण आपल्या दख्खनकडे पाहिले तर जुना पुरावा दुसऱ्या बाजूलाही बोलतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत होते आणि दोन उद्रेकांच्या मधल्या काळात त्यांवर तळी साचत होती. नागपूरच्या उत्तरेला, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या दगडांत त्या तळ्यांचे जीवाश्म मिळतात. तिथे तरंगणारे नेचे आहेत, अझोला आणि साल्विनियासारखे. आणि तिथेच बिरबल साहनी यांनी वर्णन केलेला रोडाइटीस आहे. रोडाइटीस म्हणजे मार्सिलिया या नेच्याच्या कुळातले बीजाणूंचे कठीण कवच. आजही मार्सिलिया हे कवच तळे आटण्याच्या तयारीसाठी धरते आणि ते अनेक दशके कोरडे राहून पुन्हा भिजल्यावर उघडू शकते. ज्या दगडातून पुढे सह्याद्री कोरला गेला तो ओतला जात असतानाच, त्यावरच्या तळ्यांत आटण्याला तोंड देणारी यंत्रणा तयार होती. तिथे दरवर्षी कोरड पडत होती असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण ती युक्ती किती जुनी आहे हे सिद्ध होते.

तिसरा आक्षेप सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे: जलपर्णी. मुळा-मुठा, इंद्रायणी, पवना, पंचगंगा या नद्यांवर हिरवा गालिचा अंथरणारी ही दक्षिण अमेरिकेची वनस्पती कंद करत नाही, उन्हाळ्याला भीत नाही, उलट उन्हाळ्यातच माजते. माझ्या मुद्द्याला हे सरळ उत्तर वाटते. परंतु आपल्याकडे ती जिथे माजते ते पाणी सांडपाण्याने बारमाही आणि खतावलेले झालेले असते. तिच्या मायदेशी नद्यांची पातळी वर्षात कित्येक मीटर चढते-उतरते. ॲमेझॉनवर मनौसपाशी हा फरक दहा मीटरच्या आसपास जातो. पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या चिखलातच तिचे बी चांगले रुजते आणि गाळात ते पंधरा-वीस वर्षे तग धरते. म्हणजे तिच्या पिशवीतही उतरत्या पाण्याची सोय आहे, आपण तिला ती वापरायची वेळ येऊ दिली नाही एवढेच. शिवाय बाहेरच्या देशांत ती मुख्यतः फुटव्यांनी पसरते आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या तीन प्रकारच्या फुलांपैकी एकाच प्रकारची रोपे सापडतात. संख्येने ती अफाट आहे, पण वाणाने जवळजवळ एकच. नव्या जाती अशा गालिच्यातून सहज निघत नाहीत. पुढच्या दहा लाख वर्षांचे जग रचणाऱ्याने जलपर्णीच्या आजच्या संख्येला भुलू नये.

समुद्रगवतांपाशी मात्र माझा युक्तिवाद थांबतो, हे मान्य केले पाहिजे. किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर, बहुधा न आटणाऱ्या पाण्यात ती कुरणे करून राहतात, परागही पाण्यातून जातात. पण तिथेही एक आकडा बोलका आहे. सपुष्प वनस्पतींच्या तीन लाखांच्या आसपास जाती असताना समुद्रात उतरलेल्या जाती साठ-सत्तरच्या घरात आहेत. एवढे मोठे, अखंड पाणी आणि इतकी तुटपुंजी विविधता. उलट सह्याद्रीच्या माथ्यावरच्या टिचभर, दरवर्षी मरणाऱ्या डबक्यांत एकट्या गेंदांच्याच कितीतरी जाती. एक डबके दुसऱ्यापासून तुटलेले, एक पठार दुसऱ्यापासून दरीने वेगळे आणि प्रत्येकाचे आटण्याचे वेळापत्रक निराळे: जाती फुटायला लागणारी सगळी सामग्री इथे आहे.

शेवटचा आक्षेप कल्पनेच्या बाजूने घेतला जातो. काल्पनिक जगाला खऱ्या सृष्टीच्या दावणीला का बांधायचे? मला वाटते, बंधन घेतल्यावरच कल्पना कामाला लागते. तरंगते अरण्य घ्या. जमिनीवर झाड उंच होते ते शेजाऱ्याच्या वर जाऊन उजेड पकडण्यासाठी, आणि त्या उंचीचे मोल ते लाकडाच्या रूपाने मोजते. पाण्याच्या पृष्ठावर उजेडाची झुंज आडवी असते. जो आधी पसरेल त्याचा उजेड. म्हणून ॲमेझॉनच्या व्हिक्टोरिया कमळाने अडीच-तीन मीटर रुंदीचे पान काढले, बुंधा काढला नाही. एवढे लक्षात घेतले की तरंगते अरण्य बाद होते आणि त्या जागी नीरेला शोभेल असे काही सुचू लागते. समजा, लाखो वर्षांनी शिरवळच्या खालच्या पात्रात बेसाल्टच्या खडकांत खोल डोह आणि रांजणखळगे उरले आहेत आणि वायतुऱ्याचा एखादा वंशज माथ्यावरून तिथवर उतरला आहे. त्याला डोहकंद म्हणू. माथ्यावरच्या पूर्वजाप्रमाणे तो जूनमध्ये फुलला तर पूर तुरा मोडून नेईल. म्हणून तो पोडोस्टेमेसीप्रमाणे पातळी उतरताना, हस्ताच्या पावसानंतर फुलेल. डोहातले पाणी आटत जाईल तसा कर्बवायू कमी पडेल, म्हणजे रात्री साठवण्याची पद्धत हिवाळ्यात उपयोगी. पण त्याची खरी कसोटी वळवाच्या पावसात लागेल. एप्रिल-मेमधली एखादी जोरदार सर खळगा भरून टाकते आणि आठवड्यात तो पुन्हा कोरडा होतो. त्या सरीला फसून सगळे डोळे एकदम फुटले तर कंद मेला. मग डोहकंदाच्या कंदावर एकाआड एक उघडणारे डोळे असतील, पहिल्या भिजण्याला एखादाच उठेल आणि बाकीचे लांबलेल्या ओलीची वाट पाहतील. ही वनस्पती उजळत नाही, कोणाला गिळत नाही, पण ती वळीव ओळखते. मला ती उजळणाऱ्या पानांपेक्षा कितीतरी अद्भुत वाटते.

डोह का, धरण का नाही, असे कोणी विचारेल. शिरवळच्या खाली वीरचे धरण आहे, नीरेच्याच खोऱ्यात १९२८ साली पुरे झालेले भाटघर आहे, आणि या जलाशयांचे पाणी कालव्यांना जाऊन काठ उघडे पडतात. अशा उघड्या पडलेल्या गाळावर पीक घेण्याची आपली जुनी रीत आहे, गाळपेर. पाणवनस्पतीसाठी तो पट्टा उत्तमच. पण धरणाचे आयुष्य शतकांत मोजायचे आणि जातीचे लाखो वर्षांत. जांभ्याचा माथा आणि बेसाल्टचे पात्र तेवढे टिकतात. नवी जाती उगवण्याच्या जागा म्हणूनच त्या अधिक मोलाच्या, आणि आपल्या हिशेबात नेमक्या त्याच पडीक ठरतात.

हा सगळा विचार आजच्या एका कामाशी येऊन भिडतो. आटणारे पाणी म्हणजे वाया गेलेले पाणी, या समजुतीने आपण उथळ तळी खोल करतो, डबक्यांच्या जागी प्लास्टिक अंथरलेली शेततळी करतो. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत जुन्या तलावांतला गाळ काढून शेतांत टाकला जातो. शेतकऱ्याला त्याचा फायदा होतो, तलावात पाणी वाढते आणि खंडाळा-फलटणसारख्या भागात याला विरोध करणे अन्यायाचे ठरेल. पण त्या गाळात दशकांचे बी आणि बीजाणू असतात. डार्विनने एका लहान तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल सहा महिने अभ्यासिकेत झाकून ठेवला होता. उगवेल ते रोप उपटून मोजले, आणि संख्या ५३७ भरली. सगळा गाळ ट्रॉलीत भरण्याआधी उथळ काठाचा एक पट्टा तसाच ठेवणे कोणत्याही गावाला परवडेल. तो कुठे ठेवायचा हे ठरवण्यासाठी मोठा सर्वेक्षणाचा खर्चही लागत नाही. मे महिन्यात तलावाच्या चार-पाच ठिकाणांहून मूठमूठ गाळ आणून शाळेच्या व्हरांड्यात पसरट ताटल्यांत ओला ठेवावा, प्रत्येक ताटलीवर जागा लिहावी, आणि दिवाळीपर्यंत उगवेल ते मुलांनी मोजावे. ज्या जागेच्या ताटलीत सर्वांत जास्त प्रकारची रोपे येतील, तिथे पोकलेन लावू नये.